पार्सल फुटलं, भरपाई कोणी द्यायची?

प्रश्न : मी चिनीमातीचे कप इन्स्टाग्रामवरून विकते. कुरिअरने पाठवलेल्या सहापैकी दोन फुटले. ग्राहक पैसे मागताहेत, कुरिअरवाले हात वर करतात. जबाबदारी कोणाची?

उत्तर : आधी तुमची. वस्तूविक्री कायदा, 1930 च्या कलम 39 नुसार माल वाहतूकदाराकडे सोपवला की सर्वसाधारणपणे तो ग्राहकाला दिला असं धरतात. पण मालाच्या स्वरूपाला साजेशी व्यवस्था विक्रेत्याने केली नसेल, तर नुकसानीसाठी ग्राहक त्याला जबाबदार धरू शकतो, हेही त्याच कलमात आहे. चिनीमाती विम्याशिवाय साध्या पार्सलने पाठवली असेल, तर तुमची बाजू लंगडीच. दोन कप बदलून द्या, वाद घालू नका.

मग कुरिअरकडे लेखी दावा करा. पावतीमागची बारीक अक्षरं वाचा. तक्रारीची मुदत आणि भरपाईची मर्यादा बहुधा तिथेच असते. फुटके तुकडे, खोका आणि लेबल फेकू नका, असं ग्राहकांना आजच कळवा. खोका गेला की पॅकिंग नीट होतं हे सिद्ध करणं अवघड.

यापुढे प्रत्येक कप वेगळा गुंडाळा, आतही कागद कोंबा, चहूबाजूंनी किमान 5 सेंमी भराव ठेवा. खोका हलवल्यावर आवाज आला तर पुन्हा उघडा. ‘फ्रॅजाइल’च्या स्टिकरवर फार विसंबू नका.