घडीच्या चाकूची नवी आवृत्ती येणार असेल तर थांबावे का, आणि ती पारखावी कशी?

आपला प्रश्न असा आहे की, हातातला घडीचा चाकू अजून चांगला चालत असताना त्याच कंपनीने नवी आवृत्ती जाहीर केली आहे. पोलाद बदलले, लॉक (उघडलेले पाते आपोआप मिटू न देणारी अडकण) सुधारले, वजन घटले असे सांगितले जात आहे. तेव्हा तिची वाट पाहावी का, आणि ती हाती आल्यावर खरोखर सरस आहे की नाही हे कसे ओळखावे? मी रोजच्या कामासाठी खिशात चाकू बाळगतो आणि त्याला धारही स्वतःच लावतो, त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

नव्या आवृत्तीची छायाचित्रे फार वेळ न्याहाळण्याआधी जुन्या चाकूविषयीच्या आपल्या तक्रारी कागदावर लिहून काढाव्यात. खिशाला अडकवायची क्लिप तळहाताला रुतते, धार लवकर बोथट होते, एका हाताने मिटताना बोट पात्याच्या वाटेत येते, मुठीच्या आत साचलेली धूळ काढता येत नाही, असे जे काही असेल ते. त्याच कागदावर, आपल्याला काय आवडते तेही लिहावे, कारण सुधारणेच्या नावाखाली बऱ्याचदा नेमके तेच काढून घेतले जाते. हे आधी करण्याचे कारण असे की, नवी वस्तू पाहिल्यावर आजवर कधी न खटकलेल्या गोष्टीही खटकू लागतात आणि मग निवाडा गरजेवर न होता नवलाईवर होतो.

चांगली सुधारणा कशी असते याची दोन उदाहरणे माझ्या नेहमी डोळ्यांपुढे असतात. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातील ओपिनेल चाकू १८९० पासून बनत आहे. सुरुवातीला त्याचे उघडलेले पाते केवळ लाकडी मुठीच्या घट्टपणावर टिकून राहत असे, त्यामुळे ते अवचित मिटून बोटावर येण्याची भीती होती. १९५५ साली मुठीच्या तोंडाशी एक फिरणारे धातूचे कडे आले आणि ती भीती संपली; पाते, मूठ आणि चाकूचा साधेपणा मात्र होता तसाच राहिला. पुढे त्याच कड्यात आणखी फेरफार होऊन मिटलेले पातेही जागेवर अडकवता येऊ लागले. दुसरे उदाहरण चाकू बनवणारे क्रिस रीव्ह यांच्या सेबेन्झा या घडीच्या चाकूचे आहे. २०१९ च्या अखेरीस आलेल्या ‘सेबेन्झा ३१’ मध्ये लॉकची पत्ती (उघडलेल्या पात्याला मागून अडवणारी धातूची पट्टी) पात्याला जिथे टेकते तिथे सिरॅमिकची एक बारीक गोळी बसवली गेली. दुरून पाहणाऱ्याला जुन्या-नव्यात फारसा फरक दिसत नाही, पण रोज झिजणारी जागा नेमकी तीच असते. झीज कुठे होते हे ओळखून केलेल्या अशा सुधारणेला मी नव्या रंगापेक्षा आणि नव्या आकारापेक्षा कितीतरी अधिक मान देतो.

पोलादाच्या नावाने भारावून जाऊ नये. एस३०व्ही, एस४५व्हीएन, २०२१ साली आलेले मॅग्नाकट, या पोलादांमध्ये खरे फरक आहेत हे मी नाकारत नाही; गंजाला दाद न देता चिवटपणाही राखणे ही मॅग्नाकटची मोठी कमाई आहे. परंतु पोलादाला पाणी कसे दिले, म्हणजे ते तापवून-थंड करून कठीण कसे केले, यावर त्याचे निम्मे गुण अवलंबून असतात. कंपनी कठीणपणाचा आकडा जाहीर करत असेल तर तो अवश्य पाहावा. कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर एस३०व्ही साधारण ५८ ते ६१ च्या दरम्यान ठेवतात, आणि या पट्ट्याच्या दोन टोकांना असलेले एकाच नावाचे पोलाद वापरात वेगवेगळे वागते.

याहूनही अधिक फरक पात्याच्या जाडीने पडतो. येथे पाठीची जाडी फसवी असते; धार जिथे सुरू होते त्याच्या किंचित वर पाते किती जाड आहे हे मोजले पाहिजे. तेथे ०.४ मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेला चाकू साध्या पोलादाचा असूनही सफाईने कापतो, आणि ०.८ मिलिमीटर असेल तर उंची पोलादही हाताला जड जाते. दुहेरी थराचा जाड पुठ्ठा लांबलचक कापून पाहिल्यास हे लगेच कळते: केस उडवण्याइतकी तीक्ष्ण धारही पहिल्या विताभरानंतर अडखळते, पुठ्ठ्याच्या दोन्ही कडा पात्याच्या अंगाला आवळून धरतात, कापण्याऐवजी फाटल्याचा कोरडा आवाज येतो आणि मनगटाला जोर लावावा लागतो. तो दोष धारेचा नसून जाडीचा असतो आणि दगडावर घासून तो सहजी जात नाही. नव्या आवृत्तीत ‘मजबुती’ वाढवली असे वाचले की, मला आधी हीच शंका येते.

धार किती टिकते याचा निर्णय मात्र घाईने देऊ नये. कारखान्यात वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर धार लावताना तिची अगदी कड तापून मऊ पडलेली असू शकते. म्हणून पाते दगडावर दोनदा तरी नीट पाजवावे, कडेला उठणारी पातळ कोर पूर्ण काढावी आणि मगच जुन्या चाकूशी तुलना करावी. तीही दोघांना सारख्याच कोनात धार लावून. प्रत्येक बाजूस १५ ते २० अंशांचा कोन खिशातल्या चाकूला पुरतो.

लॉकची पारख सावकाश करावी. पाते उघडून, बोटे त्याच्या मिटण्याच्या वाटेबाहेर ठेवून, पाठीवर हळूहळू दाब वाढवावा. काही जण पाठ टेबलावर आपटतात. मला ते पटत नाही, कारण त्याने चांगले लॉकही बिघडते आणि हातालाही धोका असतो. पाते डावी-उजवीकडे डगडगत असेल तर पाते ज्याभोवती फिरते तो मुख्य स्क्रू जरासा आवळून दोष बहुधा जातो. पण ते वर-खाली हलत असेल तर तो लॉकच्या जुळणीतला दोष आहे आणि तो आवळून जाणार नाही. पत्तीचे लॉक असेल तर नव्या चाकूत पत्ती पात्याच्या मागच्या कडेवर तिच्या रुंदीच्या साधारण पाव ते अर्ध्यापर्यंत सरकलेली असावी. पहिल्याच दिवशी ती पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर पुढच्या झिजेला जागाच उरत नाही. मिटलेला चाकू टोकाकडून खाली धरून झटकला तरी पाते बाहेर येता कामा नये, हेही पाहावे, कारण चाकू खिशात राहणार आहे.

मुठीसाठी एकच कसोटी पुरेशी आहे: एखादे लाकूड काही मिनिटे तासावे आणि हात कुठे दुखतो ते पाहावे. क्लिप दुसऱ्या बाजूला लावता येते का हे डावखुऱ्या व्यक्तीने खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

आता थांबण्याविषयी. आपल्या कागदावरील तक्रारींपैकी निदान एक तरी मोठी तक्रार नव्या आवृत्तीत दूर होत असेल तरच थांबावे, आणि तेव्हाही पहिल्या खेपेचा माल न घेता पुढच्या खेपेची वाट पाहावी. सुरुवातीच्या चाकूंमधले जुळणीचे दोष वापरणाऱ्यांकडून कळल्यावर ते पुढच्या खेपांत दुरुस्त होऊ शकतात. चाकू हाती आला की, काहीही कापण्यापूर्वी लॉक आणि पात्याचे हलणे तपासून घ्यावे. दोष आढळल्यास स्वतः स्क्रू खोलण्याऐवजी तो तसाच परत पाठवावा, कारण खोललेला चाकू हमीखाली स्वीकारण्यास काही कंपन्या नकार देतात.