डब्ल्यूस्क्रिप्ट: गडी आपलाच, पण हातातली चिठ्ठी कुणाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: आचऱ्याला घरी बाबांचा विंडोज 10 वाला संगणक, त्यावर आंब्याची बिलं आणि पेट्यांची लेबलं. पंधरा दिवसांपासून जड झालाय, पंखा घोंघावतो, मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडला की दिवसाचा डेटा दुपारीच संपतो. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांच्या यादीत, ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ नावाचा कुणीतरी कायम ठाण मांडून. बंद केला तरी संगणक पुन्हा चालू केल्यावर हजर. एकाने सांगितलं, ती मायक्रोसॉफ्टचीच फाईल, काळजी नको. दुसऱ्याने सांगितलं, विंडोजच्या सिस्टम 32 फोल्डरात जाऊन ती फाईलच उडवा. आणि शेवटी जाताजाता तुम्ही लिहिलंय, की लेबलं छापायला बाजारात झेरॉक्सवाल्याकडे नेलेल्या पेन ड्राइव्हमधले फोल्डर आता शॉर्टकट होऊन बसलेत.

माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे.

पहिल्याची माहिती बरोबर, पण त्यावरून ‘काळजी नको’ म्हणणं चूक. दुसऱ्याचं तर ऐकूच नका. डब्ल्यूस्क्रिप्ट हा विंडोज 98 च्या काळापासूनचा घरचा गडी आहे. त्याला स्वतःची अक्कल नाही. हातात चिठ्ठी द्या, त्यात लिहिलेलं काम तो निमूट करतो. चिठ्ठी म्हणजे स्क्रिप्ट, बहुतेक वेळा व्हीबीएस फाईल. मे 2000 मध्ये जगभर धुमाकूळ घालणारा ‘आय लव्ह यू’ व्हायरस अशीच एक चिठ्ठी होती. त्यामुळे गड्याचं आधारकार्ड तपासून काही हाती लागत नाही. सही मायक्रोसॉफ्टची, जागा सिस्टम 32, फाईली तपासून देणाऱ्या व्हायरसटोटल साइटवर टाकली तर निकाल स्वच्छ. सगळं खरं, आणि तरी घरात चोर असू शकतो.

आमच्याकडे वाडीत अनोळखी माणूस शिरला की पारावरचा म्हातारा नाव विचारत नाही. तो विचारतो, “खंयचो रे तू? कोणाकडे इलंस? कित्याक?” म्हणजे कुठला, कुणाकडे आलास, कशाला. मी गेली बरीच वर्षं कुडाळात दुरुस्तीचं काम करतोय आणि संगणकातल्या अनोळखी पाहुण्याला हेच तीन प्रश्न विचारतो.

तुमच्या बाबतीत शेवटचा प्रश्न आधी घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. ‘डिटेल्स’ टॅबवर जा. वर जिथे नाव, पीआयडी वगैरे मथळे आहेत तिथे उजवं क्लिक, ‘सिलेक्ट कॉलम्स’, आणि यादीत खाली ‘कमांड लाइन’वर टिक. आता डब्ल्यूस्क्रिप्टच्या ओळीत त्याला दिलेला पूर्ण हुकूम दिसेल. नावानंतर एखाद्या व्हीबीएस फाईलचा पत्ता असेल, आणि तो पत्ता ‘अ‍ॅपडेटा’मधल्या ‘रोमिंग’ किंवा ‘टेंप’ फोल्डरात जात असेल, फाईलचं नाव अर्थहीन अक्षरांचं असेल, मधे दोन तिरक्या रेघांपुढे ‘बी’ असेल, तर माझ्या मते निकाल लागला. त्या ‘बी’चा अर्थ, गुपचूप काम कर, काही चुकलं तरी पडद्यावर खिडकी दाखवू नकोस. ऑफिसातली सरळमार्गी स्क्रिप्टही कधीकधी असा ‘बी’ लावते, पण आंब्याच्या बिलांच्या संगणकावर तिचं काय काम?

पेन ड्राइव्हवर शॉर्टकट करणारी, रोमिंगमध्ये स्वतःची प्रत ठेवणारी आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, नाव नोंदवून दर वेळी उठणारी अशी एक जात 2013 पासून एच-वर्म नावाने ओळखली जाते. तुमच्याकडे तीच आहे असं मी म्हणत नाही, तिच्या भाऊबंदांची संख्या मोठी आहे. पण ही जात नुसता त्रास देत नाही. बाहेर बसलेल्या माणसाला तुमच्या संगणकावर हुकूम चालवू देते. म्हणून ‘चालतंय ना, मग राहू दे’ करू नका.

‘खंयचो’ हा प्रश्न इतर नावांच्या बाबतीत जास्त कामाचा. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते विंडोजच्या पडद्याआडच्या सेवा चालवणाऱ्या एसव्हीसीहोस्टला. पन्नास-साठ ओळी एकाच नावाच्या बघून माझ्याकडे रडकुंडीला आलेली गिऱ्हाइकं आहेत. त्यात काही नाही. 2017 च्या एका अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकावर विंडोज बहुतेक सेवांना वेगवेगळी खोली देतं, आधी एका खोलीत दहा जण राहायचे. संख्या बघू नका, पत्ता बघा. ओळीवर उजवं क्लिक, ‘ओपन फाईल लोकेशन’. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम 32 मध्ये किंवा सिसवाव 64 मध्ये राहतो. डाउनलोड्समध्ये राहत असेल तर तो तोतया. स्पेलिंगही नीट वाचा: व्ही आणि सीची अदलाबदल, ओच्या जागी शून्य, आणि सगळ्यात फसवी खोड म्हणजे एलसास या विंडोजच्या लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या नावात सुरुवातीच्या छोट्या एलच्या जागी मोठा आय. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. अशा वेळी नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून फॉन्ट बदला, सोंग उघडं पडतं.

मात्र पत्ता अ‍ॅपडेटा निघाला म्हणून लगेच फाशी नाही. वनड्राइव्ह, झूम असे कितीतरी सभ्य प्रोग्राम तिथेच बिऱ्हाड करतात.

‘कोणाकडे’साठी मायक्रोसॉफ्टचाच फुकट मिळणारा प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. कुणी कुणाला उठवलं ते तो झाडासारखं दाखवतो. एसव्हीसीहोस्टचा बाप ‘सर्व्हिसेस’ असायला हवा. तुमच्या डब्ल्यूस्क्रिप्टचा बाप एक्सप्लोरर दिसला, तर तो बहुधा लॉगिनच्या वेळी स्टार्टअपमधून उठलाय. एसव्हीसीहोस्ट दिसला, तर टास्क शेड्युलर उघडून तिथे कुणी अलार्म लावून ठेवलाय का ते शोधा. प्रोसेस एक्सप्लोररचाच भाऊ ऑटोरन्स. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारं सगळं तो एका जागी आणतो. गुलाबी ओळ म्हणजे सही नाही, पिवळी म्हणजे फाईलच जागेवर नाही, नुसती नोंद उरलीय. गुलाबी म्हणजे गुन्हेगार नव्हे हे लक्षात ठेवा. मी एकदा ठेवलं नव्हतं.

शिरोड्याकडचं एक किराणा दुकान, तिथेच अंगठा घेऊन आधारवर बँकेतले पैसे काढून द्यायचं काम चालायचं. संगणक जड म्हणून माझ्याकडे आला. बघतो तर एक अनोळखी सेवा, वर्णनाची जागा कोरी, आणि 11100 नंबरच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या बोलण्या-ऐकण्याच्या एका दारावर, कान लावून बसलेली. मला वाटलं, सापडला! बंद केली, काढून टाकली, वर दुकानदाराला पाच मिनिटं भाषणही दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन, “अहो, निराधार योजनेच्या पैशांसाठी म्हाताऱ्या रांगेत बसल्यात आणि यंत्र अंगठाच घेईना.” ती होती आरडी सर्व्हिस. आधारच्या अंगठायंत्राला ती लागतेच, आणि आधार चालवणाऱ्या यूआयडीएआयने ठरवून दिल्याप्रमाणे ती 11100 ते 11120 यांतल्या एखाद्या पोर्टवर ऐकत असते. ऐकण्याचा पत्ता 127.0.0.1 होता, म्हणजे ती घरातल्या घरातच बोलत होती, बाहेर कुणाशी नाही. तेवढं मी वाचलं असतं तर भर पावसात शिरोडा गाठायची वेळ आली नसती. म्हाताऱ्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून माझा नियम, अनोळखी वस्तू आधी थांबवायची, नाव बदलून बाजूला ठेवायची, दोन दिवस कुणाचं काही अडलं नाही तरच फेकायची.

आता तुमचं काम. हॉटस्पॉट बंद करा, सगळे पेन ड्राइव्ह काढा. कमांड लाइनचा फोनवर फोटो काढून ठेवा, नंतर पत्ता आठवत नाही. मग डब्ल्यूस्क्रिप्टवर ‘एंड टास्क’. फोटोतल्या पत्त्यावर जाऊन ती व्हीबीएस फाईल शोधा. दिसत नसेल तर ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाईली दाखवायला सांगा, आणि ‘फोल्डर ऑप्शन्स’मधली सिस्टम फाईली लपवण्याची टिकही काढा. फाईलवर डबल क्लिक अजिबात नाही. उजवं क्लिक करून नोटपॅडमध्ये उघडून बघितलीत तरी चालेल. आत पानभर अगम्य अक्षरांची माळ असेल तर समजा कुणीतरी मुद्दाम झाकलंय. तिचं नाव बदलून शेवट टीएक्सटी करा. मग ऑटोरन्समध्ये तिला बोलावणाऱ्या नोंदीची टिक काढा. नोंद एकाहून जास्त ठिकाणी असते, रजिस्ट्रीतही आणि स्टार्टअप फोल्डरातही. एक राहिली की पाहुणे परत.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीत ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन. संगणक बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं. लाईट जाण्याची वेळ टाळा. शिवाय सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर फुकट सफाईची साधनं आहेत, दुसरं मत म्हणून ती चालवा.

पेन ड्राइव्हमधली बिलं बहुधा गेलेली नाहीत, लपवलीत. ते शॉर्टकट उघडू नका, त्यांच्यामागे तीच चिठ्ठी असते. संगणक साफ झाल्यावर ड्राइव्ह लावा, आधी स्कॅन करा, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन अक्षरांत टाइप करा, पहिला शब्द ए-टी-टी-आर-आय-बी, ड्राइव्हचं अक्षर आपलं बघून) हे द्या:

अ‍ॅट्रिब -एच -एस -आर /एस /डी ई:\*.*

फोल्डर परत दिसतील. हवं ते घ्या, शॉर्टकट आणि व्हीबीएस उडवा, ड्राइव्ह फॉरमॅट करा.

बाबा त्या संगणकावरून बँकेचं काही करत असतील तर पासवर्ड आजच बदला, पण फोनवरून, त्या संगणकावरून नव्हे. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन.

पंख्याबद्दल मला वेगळाच संशय आहे. असली स्क्रिप्ट डेटा खाते, प्रोसेसर फारसा खात नाही. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू पाच-दहा टक्के असूनही पंखा ओरडत असेल तर खोका उघडा. समुद्राजवळच्या घरात खारी हवा आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो. देवगडातल्या एका खोक्यात मला मुंग्यांचं अख्खं वारूळ सापडलंय. डेटाचंही एक: सेटिंग्जमधल्या ‘डेटा युसेज’मध्ये कुणी किती खाल्लं ते दिसतं. अपडेटचा आकडा मोठा निघाला तर हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’, म्हणजे मोजका डेटा असलेलं कनेक्शन, करून ठेवा. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा आंब्याचा सीझन आटोपला की त्याकडेही बघा.

झेरॉक्सवाल्याशी भांडू नका, पण त्याला सांगा जरूर, त्याच्याकडे अख्ख्या गावाचे पेन ड्राइव्ह येतात. पुढची लेबलं पीडीएफ करून फोनवरून पाठवा. आणि तो कमांड लाइनचा फोटो इथे टाका, फक्त मागे बिल उघडं असेल तर गिऱ्हाइकांची नावं झाकून.