प्रार्थना कोरडी, आणि काट्यावरची घट

पत्र : ताई, मी नंदुरबारजवळच्या एका गावात राहतो. मंडळीच्या (चर्चच्या) पंच कमिटीवर आहे, उपासना चुकवत नाही, दशांश देतो. पण वर्षभरापासून प्रार्थना कोरडी झाली आहे. गुडघे टेकतो, शब्द सुचत नाहीत, कधी डोळाही लागतो. प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब "स्वतःची परीक्षा करा" म्हणतात, तेव्हा वाटतं, मी देवाशी विश्वासू उरलोच नाही. म्हणून हल्ली भाकर आणि प्याला न घेता मागे बसून राहतो. हंगामात मिरची वाळवायच्या पथारीवर वजनकाट्याशी असतो. मालक सांगतो म्हणून बायांनी खुडलेल्या मिरचीच्या वजनात थोडी घट धरावी लागते, ते सगळीकडेच चालतं. मी काय करू?
– एक भाऊ

भाऊ,
तुमचं पत्र इथे थोडक्यात दिलं आहे. मुळात प्रार्थनेवर दोन पानं आहेत आणि काट्यावर एकच वाक्य. मी त्या वाक्यापाशीच अडले.

देठ खुडणाऱ्या बाईची मजुरी किलोवर. तुम्ही धरलेली घट तुमच्या वहीत किरकोळ दिसते, तिच्या घरी मात्र तेवढ्याने तेल कमी येतं. "शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे वचन मंडळीत सगळ्यांना पाठ असतं. ते बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19व्या अध्यायात आहे. मजुराची मजुरी रात्रभर अडवू नका आणि तागडी खरी ठेवा, हेही त्याच अध्यायात आहे. त्यावर प्रवचन मात्र क्वचितच ऐकू येतं!

नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. जकातदारांनी "आम्ही काय करावं?" विचारलं, तेव्हा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानेही त्यांना काम सोडायला लावलं नाही, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूक 3). मालकाशी एकट्याने बोला. घट खरंच बारदानाची असेल तर ती किती हे बायांसमोर उघड सांगून मगच वजन लिहा. बारदानाची नसेल तर "माझ्या हाताने नको" म्हणा. कदाचित तो तुम्हाला काट्यावरून हलवेल. घर चालवणाऱ्या माणसाला हे सोपं नाही, म्हणून आधी घरी बायकोशी बोलून घ्या. जक्कय नावाच्या जकातदाराने तर लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं. तुम्ही निदान या हंगामातल्या बायांचा हिशेब काढा.

आता प्रभुभोजन. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याला प्यावा. "परीक्षा करावी आणि घरी जावं" असं तिथे नाही. काटा सरळ करायचं ठरवलंत की पुढच्या वेळी मेजाशी जा. पुढे जाण्याइतकं शुद्ध वाटण्याची वाट पाहाल तर म्हातारे व्हाल. आणि ही झडती एकट्याने घेऊ नका. स्तोत्र 139 मध्ये भक्त देवालाच म्हणतो, तू माझी झडती घे. आपण स्वतःच झडती घेतली की आपल्याला सोयीचा कोपरा तेवढा तपासतो. तुम्ही प्रार्थनेचा तपासलात.

प्रार्थना आटण्याचं कारण काटाच असेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. थकवा असू शकतो, आजारपण असू शकतं. झोप नीट लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शब्द सुचत नसतील तेव्हा तेच वाचा, मोठ्याने, बसून नाही तर उभं राहून.