शटडाउन केलं म्हणजे संगणक पूर्ण बंद झाला असं नाही

भाऊ, गावात सेवा केंद्र टाकतोयस, तर एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात ठेव. २०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून फास्ट स्टार्टअप (संगणक लवकर सुरू करण्याची सोय) चालू असेल तर शटडाउन पूर्ण होतच नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणून प्रिंटर अडला की रीस्टार्ट कर. त्यात सगळं नव्याने सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून शटडाउन केलंस, तरी पूर्ण बंद होतं.

विंडोजसोबत उबंटू ही दुसरी संगणकप्रणाली टाकणार असशील तर फास्ट स्टार्टअप बंदच ठेव. माझ्याकडे ते चालू राहिलं होतं; बाहेर पीकविम्याची रांग, आणि सातबाऱ्यांचे स्कॅन ठेवलेला विंडोजचा ड्राइव्ह उबंटूत नुसता वाचता येत होता, एक फाइल जतन होऊ देईना.

आपल्याकडे विजेचा नेम नाही. डेस्कटॉप साध्या स्लीपमध्ये सोडून जेवायला जाऊ नकोस. उघडं काम रॅममध्ये असतं, वीज गेली की तेही गेलं. हायबरनेट ते डिस्कवर उतरवतं. मेनूत दिसत नसेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन चालू कर. अपडेट चालू असताना मात्र पॉवरचं बटण दाबून धरू नकोस, इन्व्हर्टर लावून थांब.