स्कीचे बूट ‘वाढत्या अंगाचे’ घेऊ नका

प्रश्न : नमस्कार सर. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो, वय ३४, वजन ७२ किलो. फेब्रुवारीत गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक कोर्स करायला चाललोय. बूट तिथं मिळतात म्हणतात, पण मागच्या वर्षी मित्रांबरोबर तीन दिवस हौस म्हणून गेलेलो तेव्हा भाड्याच्या बुटांनी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली, म्हणून यंदा स्वतःचेच न्यावेत असं वाटतंय. पुण्यातला एकजण जुने बूट विकतोय, त्यावर २८.५ लिहिलंय. मी पळायचे शूज ९ नंबरचे वापरतो, सातारा हिल मॅरेथॉन चार वेळा पळलोय त्यामुळं उतारावर पुढं अंगठाभर जागा पाहिजे हे माहितीय. मग २८.५ घेऊन आत दोन जाड सॉक्स घातले तर चालेल ना? नखं वाचतील?

उत्तर : नाही वाचणार, उलट पहिल्याच दिवशी जातील. तुमचं पत्र वाचून हसू आलं कारण हे सगळं मी केलेलं आहे, फक्त मॅरेथॉन न पळता. आपल्याकडं पायताण घ्यायचं म्हणजे आई म्हणणार वाढत्या अंगाचं घे, पुढच्या जूनपर्यंत पुरलं पाहिजे, आणि मग दुकानात बुटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघायची जी सवय लागते ती केस पांढरे झाले तरी जात नाही. तुमच्यात त्यात पळण्याचं ज्ञान मिसळलंय. पण पळताना पाऊल शूजमध्ये वाकतं, थोडं फुगतं, यवतेश्वरचा घाट उतरताना पुढं सरकतं, म्हणून तिथं पुढची जागा लागते. स्कीच्या बुटात पाऊल वाकतच नाही. बाहेर प्लास्टिकचं कडक शेल, आत मऊ लायनर, आणि तुम्ही नडगीनं बुटाची जीभ पुढं दाबली की तो दाब खाली स्कीला जातो, तसंच पाऊल कलवलं की स्की कलते. म्हणजे हे घालून चालायचं पायताण नाही, हे स्कीचं स्टिअरिंग आहे. स्टिअरिंगला ढिलाई असली की गाडी कशी चालते ते तुम्हाला सांगायला नको.

नखांचं गणित असं, की बूट मोठा असला की टाच मागच्या खोबणीत बसत नाही, ती उचलते, पाऊल पुढं घसरतं आणि दर वळणाला बोटं शेलवर आपटतात. अगदीच लहान बुटानंही नखं जातात, नाही असं नाही, पण भाड्याच्या बुटांत बहुतेक वेळा मोठाच बूट गळ्यात पडलेला असतो कारण आपणच मागून घेतो. माझ्या पहिल्या वेळी दुकानातल्या पोरानं २७ चा दिला तर मी म्हटलं बोटं टेकतायत रे, त्यानं निमूट २८ चा दिला, मी खूश, पाय कसा मोकळा मोकळा. तासाभरात टाच उचलायला लागली म्हणून खालची बक्कलं शेवटच्या दातापर्यंत ओढली, त्यानं पावलाच्या वरच्या बाजूला असा दाब आला की आधी मुंग्या आणि मग बोटं आहेत का नाहीत तेच कळेना, मला वाटलं थंडीनं झालंय म्हणून दुपारी अजून एक सॉक्स चढवला! डावं नख होळीला काळं झालं ते गणपतीत गळलं.

आता माप. ९ नंबर विसरा. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे सरळ पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. संध्याकाळी मोजा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जमिनीवर कागद ठेवून टाच भिंतीला टेकवा, पूर्ण वजन त्या पायावर घ्या, आणि सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिल उभी धरून खूण करा, काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं ते विसरू नका. दोन्ही पाय मोजा, एक थोडा मोठा निघतोच. पळायचे शूज ९ चे म्हणजे तुमचं पाऊल बहुतेक साडेसव्वीस ते साडेसत्तावीसच्या मधे कुठंतरी निघेल, कारण शूजच्या नंबरात ती अंगठाभर जागा आधीच धरलेली असते. म्हणजे २८.५ हा तुम्हाला बूट नाही, होडी आहे. अजून एक, २८ आणि २८.५ चं शेल बहुतेक कंपन्यांत एकच असतं, फरक असतो आतल्या तळव्यात नाहीतर लायनरमध्ये, तेव्हा अर्ध्या नंबरावर घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

नंबर जुळला तरी खरी परीक्षा शेलची, आणि ही भाड्याच्या दुकानातही करता येते, फक्त थोडं निर्लज्ज व्हावं लागतं. लायनर बाहेर काढा. रिकाम्या शेलमध्ये पातळ सॉक्स घातलेला पाय घाला, बोटं पुढं हलकी टेकेपर्यंत सरका, गुडघा थोडा वाकवा आणि मित्राला सांगा मोबाईलचा टॉर्च लावून टाचेमागं किती फट राहते बघ. दीड ते दोन सेंटीमीटर, म्हणजे ढोबळमानानं दोन बोटं, ही नवशिक्याला बरोबर. एक सेंटीमीटरच्या आत हे रेसवाल्यांचं काम, ते इतके घट्ट बूट घालतात की दोन फेऱ्यांच्या मधे बक्कलं काढून उभे राहतात. काश्मीरचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग विंटर ऑलिंपिकला भारताकडून एकटाच गेला होता, त्याच्यासारख्यांसाठी ते मोजमाप, आपल्यासाठी नाही. पण फट तीन बोटांची असली तर तो बूट कितीही नवा चकचकीत असो, परत द्या.

मग लायनर घालून, सरळ उभं राहून बघा. बोटं पुढं टेकली पाहिजेत, आणि इथंच आपला माणूस घाबरून मोठा नंबर मागतो! थांबा. टाच जमिनीवर दोन-तीनदा मागं आपटा म्हणजे ती खोबणीत बसेल, वरची दोन बक्कलं आधी लावा, गुडघे पुढं ढकलून नडगी जिभेवर दाबा, आता बोटं जराशी मागं सरकलेली जाणवतील, मग खालची दोन बक्कलं हलकी लावा आणि शेवटी वरचा पट्टा ओढा. खालची बक्कलं फक्त पावलावरची फट बंद करायला असतात, ताकद लावायला नाही, एका बोटानं लागत नसतील तर एक दात मागं या. हा क्रम उलटा केला की टाच बसायच्या आधीच पाऊल पुढं अडकतं आणि दिवसभर बूट लहान आहे म्हणून शिव्या देत फिरायचं. सगळं बरोबर असलं की बूट कसा वाटतो, तर कुणीतरी हात हातात घेऊन घट्ट दाबलाय असा, दुखत नाही पण सोडतही नाही. एका जागी टोचलं तर मात्र ते सहन करू नका, टोचणं वेगळं आणि घट्ट वेगळं. वीस मिनिटं तसेच घालून बसा, लायनर अंगाच्या उबेनं थोडा नरम पडतो, आणि आठ-दहा दिवस वापरला की अजून दबतो, म्हणजे आज जो आरामात बसतोय तो कोर्सच्या शेवटी ढगळ होणार.

सॉक्स एकच. पातळ, लोकरीचा किंवा लोकर-नायलॉनचा, गुडघ्यापर्यंत. दोन घातले की आत सुरकुत्या पडतात, त्या रुततात, आणि दाबामुळं रक्त नीट फिरत नाही म्हणून पाय जास्त गार पडतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. सुती तर नकोच, घाम धरून ठेवतो. थर्मलची तंगडी बुटात खोचू नका, तिची शिवण नडगीवर आली की दुपारपर्यंत तिथं वळ उठतो.

फ्लेक्स म्हणून एक आकडा बुटावर असतो, म्हणजे बूट पुढं वाकायला किती ताठ. तुमच्या वजनाला नवशिका म्हणून ७० ते ९० च्या आसपास बास, कुणी १२० चा भारी म्हणून देत असेल तर हात जोडा. हा आकडा कंपनीगणिक थोडा वेगळा असतो आणि थंडीत प्लास्टिक ताठ होतं, त्यामुळं साताऱ्यात घरी जो बूट सहज वाकतो तो गुलमर्गच्या सकाळी वाकायला कुरकुर करतो.

तर पुण्याचा सौदा सोडा. माझं मत विचाराल तर पहिल्या कोर्सला नवेही घेऊ नका, इतके पैसे घालून स्की आवडतेय का नाही हेच अजून कळायचंय. तिथले बूट घ्या पण पहिल्या दिवशी वरची सगळी तपासणी करून घ्या, लाजू नका, आणि स्वतःचे चांगले सॉक्स दोन जोड न्या. बूट बदलला तर बाइंडिंगही, म्हणजे बूट स्कीवर पकडून ठेवणारा खटका, पुन्हा सेट करून घ्यायचं हे लक्षात ठेवा. बुटाच्या टाचेपाशी सोलची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, ती आणि तुमचं वजन, उंची, वय, किती येतं, यावरून पडल्यावर स्की कधी सुटायची ते ठरतं. तिथं मी जड आहे, मी पटाईत आहे अशी फुशारकी मारली तर स्की सुटायच्या ऐवजी गुडघा सुटतो.

प्रश्न : दादा, मी मिरजेची. माझी पावलं चवड्यात रुंद आहेत आणि पोटऱ्याही भरलेल्या. मनालीला बुटाचं वरचं बक्कल लागतच नव्हतं, आणि करंगळीच्या बाजूला भयंकर दाबत होतं. मोठा नंबर घेतला तर टाच हलते. कोल्हापुरी चप्पल तेल लावून सैल होते तसं काही या बुटांना करता येतं का?

उत्तर : ताई, तेलाचा विचार आवडला, पण प्लास्टिकला तेल पाजून काही होत नाही. तुमचा त्रास लांबीचा नाहीच, रुंदीचा आहे, म्हणून नंबर वाढवून तो सुटत नाही, टाच हलायला लागते ते वेगळंच. बुटांना लास्ट म्हणून रुंदीचा आकडा असतो, चवड्याच्या सगळ्यात रुंद जागी मिलिमीटरमध्ये. ९७-९८ म्हणजे अरुंद, १०० मधला, १०२ ते १०४ रुंद. तुम्ही १०२ च्या पुढचा मागा. आणि हे फक्त तुमच्याच पायाचं नाही बरं का, चेन्नईच्या सीएलआरआय या चामडं संशोधन संस्थेनं देशभरात लाखभर लोकांचे पाय मोजले तेव्हाही हेच दिसलं की आपले पाय युरोपियनांपेक्षा रुंद असतात, म्हणून तर भारतीय मापांची ‘भ’ नावाची वेगळी पद्धत सुचवली गेली. स्कीचे बूट मात्र त्यांच्याच मापाचे येतात.

पोटरीसाठी बायकांचा बूट मागा, त्याची वरची कड बुटकी आणि बाहेर फाकलेली असते, कारण बायकांची पोटरी खाली सुरू होते. बऱ्याच बुटांत बक्कल अडकायची दात्यांची पट्टी स्क्रू काढून बाहेरच्या भोकावर सरकवता येते, भाड्याच्या दुकानात पान्हा असतोच, मागा म्हणजे करून देतील. तेवढ्यानं नाही भागलं तर टाचेखाली लायनरच्या खाली पातळ पाचर घालतात, टाच उचलली की पोटरी कडेच्या वर येते. करंगळीचा दाब शेल गरम करून तेवढ्याच जागी बाहेर फुगवून काढता येतो, पण ते बूटफिटरचं काम आहे, स्वतःच्या बुटावर, गॅसपाशी धरून घरी प्रयोग अजिबात नको, शेल वाकडं झालं की परत सरळ होत नाही.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, औलीला न्यायचाय. पाय भराभर वाढतोय म्हणून दोन नंबर मोठे बूट विकत घ्यावेत का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : विकत घेऊच नका, भाड्यानं घ्या. पोराला मोठा बूट दिला तर तो वळता येईना म्हणून रडेल आणि तुम्ही म्हणाल याला जमतच नाही. शेलमध्ये टाचेमागं दोन बोटं, वाढता पाय म्हणून फार तर त्याहून चिमूटभर जास्त, त्यापुढं नाही. आणि त्याला ‘दुखतंय का’ विचारू नका, मुलं नाही म्हणतात, जेवायच्या सुट्टीत बूट काढून पाय बघा, कुठं लाल झालंय ते दिसतं.

प्रश्न : माझे बूट १५ वर्षं जुने, कराडला माळ्यावर आहेत. यंदा वापरू का? आणि पावसाळ्यात ठेवायचे कसे?

उत्तर : वापरू नका. प्लास्टिक वरून ठणठणीत दिसतं पण वयानं ठिसूळ होतं, थंडीत जोर बसला की शेल तडकतं, कधी तुकडाच पडतो, आणि ते नेमकं उतारावर होतं. झिजलेला सोलही बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही. पुढचे घ्याल तेव्हा परत आल्यावर लायनर काढून सावलीत दोन दिवस वाळवा, हीटरपुढं किंवा उन्हात नको, मग परत घालून बक्कलं हलकी लावून ठेवा, उघडी राहिली की शेल फाकतं. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी असतो, त्यापेक्षा कॉटखाली बरे, फक्त आत कागदाचे बोळे कोंबून वरून पिशवीचं तोंड बांधा, उंदराला लायनर फार आवडतो.