जीभ आणि त्वचा शिकायची आहेत, पण कोणत्या दारातून?

चि. विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

गोव्यातल्या डिचोलीहून आलेले तुझे पत्र वाचले. तू बारावी विज्ञान शाखेत आहेस आणि अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतले आहेस. तुझ्या आजोबांना बरीच वर्षे मधुमेह आहे. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना खाली पडलेला तारेचा तुकडा त्यांच्या तळपायात रुतला आणि लादीवर रक्ताचे डाग दिसेपर्यंत त्यांना त्याचा पत्ता लागला नाही. त्याच सुमारास आलेल्या तापानंतर आजींना हुमण, म्हणजे माशांची आमटी, पाण्यासारखे लागते. या दोन प्रसंगांवरून तू विचारतेस की जीभ आणि त्वचा जग कसे ओळखतात व ती ओळख का बिघडते, हे शिकायचे असेल तर डॉक्टरच व्हावे लागते का. तुझ्या वडिलांचे मत असे की ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि ती साधली नाही तर एक वर्ष घरी बसून पुन्हा द्यावी.

डॉक्टरच व्हावे लागत नाही. मात्र ‘जीभ आणि त्वचा’ नावाचा विभाग कोणत्याही महाविद्यालयात किंवा इस्पितळात नाही, हे तुला आधी समजून घ्यावे लागेल. हा विषय अनेक विभागांत विखुरलेला आहे, आणि त्याला कारण आपले शरीरच आहे. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावरची चव चेहऱ्याच्या मज्जातंतूची एक शाखा मेंदूकडे नेते आणि मागच्या एक-तृतीयांशाची चव दुसरा मज्जातंतू नेतो. पुढच्या त्याच भागाला होणारा स्पर्श, चटका आणि वेदना मात्र तिसऱ्याच, ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूकडे असतात. चव नेणारी पहिली शाखा कानाच्या पडद्यालगतून जात असल्यामुळे कानाच्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी तोंडाची चव बिघडते आणि ती तक्रार कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाते. तोंडाची आग होण्याची तक्रार दंतवैद्यकात जाते, पायाची बधिरता मधुमेहाच्या किंवा मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे, आणि त्वचेवरचा संवेदनाहीन चट्टा त्वचारोग विभागात. म्हणून अवयव निवडण्यापेक्षा रोज सकाळी कामावर गेल्यावर तुला समोर काय असलेले आवडेल, रुग्ण, पेशी की पदार्थ, हे आधी ठरव.

रुग्ण हवा असेल, तोही डॉक्टर म्हणून, तर परीक्षेबद्दलचे वडिलांचे म्हणणे बरोबर आहे आणि ‘नीट’ला पर्याय नाही. एमबीबीएसला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात आणि त्यानंतर एमडी या पदव्युत्तर पदवीची तीन. त्वचारोगाच्या या पदवीच्या नावातच आपल्या देशात कुष्ठरोगाचा उल्लेख आहे, कारण हा जंतू त्वचेबरोबर तिच्यातले मज्जातंतूही धरतो आणि उष्ण-गार न कळणारा फिकट चट्टा ही त्याची पहिली खूण असू शकते. औषधे मोफत मिळतात आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचाराने रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही. मज्जासंस्थेचे तज्ज्ञ व्हायचे तर एमडीनंतर आणखी तीन वर्षे. तुझे वय आज सतरा धरले तर हिशेब तूच कर. गोव्यात बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर दंत महाविद्यालयही आहे, आणि त्याच्याकडे आपली मुले ‘एमबीबीएस हुकले म्हणून’ पाहतात याचे मला नेहमी वाईट वाटते. सुपारी-गुटखा खाणाऱ्याला साधे तिखटही झोंबू लागते आणि तोंड पूर्वीइतके उघडेनासे होते, तेव्हा ती पुढे कर्करोगाकडे जाऊ शकणाऱ्या विकाराची सुरुवात असू शकते, आणि ती बहुधा दंतवैद्यच सर्वांत आधी ओळखतो. तू ज्याला ‘जिभेचे विकार’ म्हणतेस, त्यातला मोठा भाग त्याच खुर्चीसमोर येतो.

आजोबांच्या प्रसंगातून आणखी एक वाट दिसते, जिचे नाव पालकांच्या यादीत सहसा नसते. मधुमेहात सर्वांत लांब मज्जातंतूंना आधी इजा होते, म्हणून बधिरता पायाच्या बोटांपासून सुरू होते. ती तपासण्यासाठी दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवतात आणि १२८ हर्ट्झचा नादकाटा अंगठ्यावर ठेवून कंप जाणवतो का ते विचारतात. संवेदना गेलेल्या पायाला जखमेपासून वाचवायचे असेल तर मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला आणि पायाच्या मापाचे तळवे लागतात, आणि ते बनवण्याचे शिक्षण म्हणजे कृत्रिम अवयव व आधारसाधनांची पदवी, जी मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत घेता येते. हाताची संवेदना गेलेल्या माणसाला पुन्हा वस्तू ओळखायला शिकवण्याचे काम ऑक्युपेशनल थेरपीत येते. या क्षेत्रांत माणसे कमी आहेत आणि काम पुष्कळ आहे.

तुझ्या पत्रातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न मात्र रुग्णांबद्दलचा नाही. तू लिहितेस, ‘बांगड्याच्या हुमणातले तेफळ (तिरफळ) चुकून चावले की जीभ थरथरल्यासारखी होते. ही चव आहे का?’ ती चव नाही, तो स्पर्श आहे. तेफळाच्याच गणातल्या चिनी सिचुआन मिरीवर लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. ओठाला मिरी लावून तिथली थरथर आणि बोटावरच्या यांत्रिक कंपाचा वेग यांचा मेळ स्वयंसेवकांकडून घालून घेतला, तेव्हा ती थरथर सेकंदाला सुमारे पन्नास कंपनांची निघाली. म्हणजे पाककृतीतला तो दाणा स्पर्शाच्या तंतूंना फसवतो. मिरची दुसऱ्या तऱ्हेने फसवते. तिच्यातले कॅप्सेसिन ज्या ग्राही प्रथिनाला चिकटते ते प्रत्यक्षात सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेची वर्दी देणारे आहे, म्हणूनच तिखटाला आपण ‘जाळ’ म्हणतो ते शब्दशः खरे ठरते. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधले. दाबाची जाणीव करून देणारी प्रथिने आर्डेम पटापूटियन यांच्या गटाने २०१० मध्ये शोधली आणि २०२१ चे वैद्यकाचे नोबेल दोघांना मिळून दिले गेले. मिरचीतलेच कॅप्सेसिन आज मधुमेही पायांच्या जळजळीवर पट्टीच्या रूपाने वापरले जाते. काजूचे बोंडू खाल्ल्यावर तोंड आवळते तेही चवीमुळे नव्हे; त्यातली टॅनिन द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना गोठवतात आणि जिभेला कोरडे घर्षण जाणवते.

हे वाचताना पुढे काय होते हे पाहण्याची उत्सुकता वाटली, तर तू पेशींकडे जाणारी मुलगी आहेस आणि तुझी परीक्षा आयसरची, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची, अभियोग्यता चाचणी आहे. तिच्यात साठ प्रश्न असतात: जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी पंधरा. गणित सोडल्याची किंमत तुला इथे मोजावी लागेल. जमेल तेवढे गणित आतापासून घरी कर, कारण पुढे मज्जातंतूंच्या संकेतांचा अभ्यास करताना ते पुन्हा दारात येणारच. ते नको असेल तर गोव्यातच प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात बीएस्सी करून पुढे एमएस्सीला बाहेर पडणे हाही सरळ मार्ग आहे, आणि त्याला कमी लेखू नये.

पदार्थ हवा असेल तर अन्नतंत्रज्ञान. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत त्यातली एमएस्सी आहे. पात्रतेच्या अटी, विशेषतः गणिताची, त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचूनच पुढे जावे. या क्षेत्रात प्रशिक्षित जिभांचे पथक असते. रंग कळू नये म्हणून लाल दिव्याखाली तीन नमुने देतात, त्यांतले दोन एकसारखे असतात, आणि वेगळा कोणता ते सांगावे लागते. ऐकायला खेळ वाटतो, पण दिवसभर करून पाहिला की कष्ट कळतात.

वडिलांना माझे एवढेच सांगणे आहे की ‘नीट’ अवश्य द्यावी, पण त्याच वर्षी आयसरची चाचणीही द्यावी, आणि मुलीने स्वतःहून मागितल्याखेरीज एक वर्ष घरी बसवू नये.

मी वैद्य नाही, तरी दोन गोष्टी लिहितो. आजोबांचे तळपाय रोज रात्री घरातल्या कोणीतरी पाहावेत, त्यांनी अनवाणी अंगणातही जाऊ नये आणि पायाची तपासणी करून घ्यावी. आजींना आधी मीठ आणि साखर वेगवेगळी ओळखता येतात का पाहा. येत असतील तर बिघाड जिभेपेक्षा नाकाचा असण्याचा संभव अधिक, कारण हुमणाची लज्जत आपण बव्हंशी वासाने घेतो. म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. त्या कोणती औषधे घेतात ती यादीही सोबत न्यावी, कारण काही औषधांनी चव बिघडते.

आणि निर्णय घेण्यापूर्वी एक काम कर. केसांच्या पिनेची दोन बोथट टोके थोडी फाकवून घरातल्या धडधाकट माणसांच्या बोटाच्या टोकावर, मनगटावर आणि पाठीवर, त्यांचे डोळे मिटून, हलकेच टेकव. दोन टोके दोन म्हणून कळायला किती अंतर लागते ते मोज. बोटावर दोन-तीन मिलिमीटर पुरतील, पाठीवर चार सेंटिमीटरच्या आसपास लागतील. आठ दिवस हे करून नोंदी मला पाठव. त्यांत आकड्यांविषयी जास्त लिहिलेस की ज्यांची पाठ मोजली त्या माणसांविषयी, ते पाहून पुढचे पत्र लिहितो.