जंगल संवर्धन आणि लोकांची उपजीविका यावर संशोधन करायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वनस्पतिशास्त्रात एमएस्सी चालू आहे, प्रबंधासाठी गडचिरोलीचं जंगल घेतलंय, गाइडनी ‘स्थानिकांचा जंगलावर किती ताण पडतो’ ते काढायला सांगितलंय आणि साठ प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. ती घेऊन गावात शिरू का?

शिरू नका. मी शिरलो होतो.

ऊन तापायच्या आत काम उरकावं म्हणून मी फेब्रुवारीत गेलो. पूर्व विदर्भातलंच एक गाव. निम्म्या घरांना कुलपं, कारण मंडळी मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. मागे राहिलेली म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं यांच्याकडूनच मी कागद भरून घेतले. ‘जंगलातून वर्षाला किती उत्पन्न मिळतं?’ या प्रश्नाला आलेले आकडे इतके किरकोळ होते, की उद्या जंगल नाहीसं झालं तरी यांचं काही अडणार नाही असं वाटावं. पेन-कागद घेऊन उत्पन्न विचारणारा माणूस म्हणजे रेशनकार्डाचा रंग बदलायला आलेला माणूस, हे मला फार उशिरा उमगलं. एका आजीने तेवढं तोंडावर विचारलं, “मोहा मोजून येचतेत का गा बापू?” ती टोपलीत सांगत होती आणि मी किलोत लिहीत होतो. टोपली केवढी, ते मी पाहिलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी मार्च संपता संपता गेलो. वही पिशवीतच ठेवली आणि पहाटे त्या आजीच्या मागोमाग मोहाखाली जाऊन बसलो. फुलं रात्री आणि पहाटे गळतात. खाली पाचोळ्याचा थर असेल तर ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला गोळा करून पेटवतात. तो विस्तव नीट विझवला नाही आणि वारा सुटला, की वणवा. म्हणजे वणव्याचं एक मोठं कारण माझ्या प्रश्नावलीत ‘मोहफूल – किती किलो’ या रकान्यात दडून बसलेलं होतं.

त्याच झाडाखाली बसून आणखी एक गोष्ट शोधा. थोराड मोह भरपूर दिसतील, पण मोहाची रोपं किती दिसतात? फारच थोडी. फुलं वेचली जातात, बिया तेलासाठी वेचल्या जातात, त्यातून सुटून रुजलेलं आगीत किंवा गुरांच्या तोंडात जातं. मग ‘ताण’ असं लिहून मोकळं व्हायचं का? पण ही थोराड झाडं इतकी वर्षं उभी राहिली कशी, हेही विचारा. धानाच्या बांधीतला मोह कोणी सहसा तोडत नाही, कारण उन्हाळ्यातलं मीठ-मिरची त्यावर निघतं. उपजीविकेने झाड राखलं आणि उपजीविकेनेच त्याचा वंश खुंटवला. तुमचा प्रबंध नेमका या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. म्हणून ‘किती ताण’ हा प्रश्न बाजूला ठेवा. कोणता माल, कोणत्या महिन्यात, कोणाच्या हातून आणि कोणाच्या निर्णयाने निघतो, ते विचारा.

तेंदूपत्त्याचं, म्हणजे बिडीच्या पानांचं, उदाहरण घ्या. मे महिन्यातले थोडेच दिवस, पण रोख पैसा. सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, मोजून द्यायचा. नवी कोवळी पानं यावीत म्हणून त्याआधी झुडपं छाटतात, काही ठिकाणी आगही लावतात. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा आणि राखण्याचा सगळ्या गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला. त्यानंतर गावाने बसून तेंदू तोडणंच बंद केलं: छाटणीने आणि आगीने जंगल खराब होतं, आणि तेंदूची फळं माणसांना नि पाखरांना खायला राहत नाहीत. हातात येणारा रोख पैसा गावाने आपणहून सोडला. हे वाचून भारावून जाऊ नका, बांबू पाहा. बांबू विकायचा हक्क गावाकडे आला होता, त्यातून मजुरी निघत होती, म्हणून तेंदू सोडणं परवडलं. ज्या गावाकडे बांबू नाही त्याने तेंदू सोडला नाही, तर त्याला जंगलाची जाण कमी आहे असं लिहू नका.

बांबूवरून आठवलं. सत्तरच्या दशकात कर्नाटकात कागद गिरण्यांना बांबू कमी पडू लागला. गावकऱ्यांची तोड आणि गुरं यामुळे बांबू संपतोय, असं वनखात्याचं म्हणणं होतं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष बांबूच्या बेटांपाशी गेले. बुंध्याशी काट्यांचं जाळं असतं. गावकरी वरून तोडत, जाळ्याला हात लावत नसत. गिरण्यांसाठी मात्र तेच काटे साफ केले जात होते, बेट चांगलं वाढेल अशा समजुतीने. काटे गेले आणि कोवळे कोंब गुरांना, माकडांना आयते मिळाले. शिवाय गिरण्यांना हाच बांबू टनाला दीड रुपया दराने मिळत होता, आणि बुरुडांना बाजारात त्याच्या कितीतरी पट मोजावे लागत. दीड रुपयाची वस्तू कोण जपून वापरेल? ‘स्थानिकांचा ताण’ हे शब्द गाइडच्या तोंडून आले की मला ते काटे आठवतात.

तुमच्या जिल्ह्यातच मेंढा (लेखा) आहे, धानोरा तालुक्यात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुम्ही ऐकली असेलच. २००९ मध्ये या गावाला अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक हातात पडायला २७ एप्रिल २०११ उजाडला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’, म्हणजे खात्याचा; २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘गौण वनोपज’, म्हणजे गावाचा. गवताच्या कुळातली ही वनस्पती झाड आहे की नाही, यावर एका गावाची मजुरी अडून राहिली. १९२७ च्या कायद्यातली ती व्याख्या शेवटी २०१७ मध्ये बदलली. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या, तेव्हा हा विनोद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. पण कायद्याची तारीख आणि बेटांची अवस्था शेजारी शेजारी मांडायला विसरू नका. हक्क नुसता मिळणं आणि त्यातून पैसा निघणं यात दोन वर्षं गेली, आणि राखण करायला उत्साह पैशानेही येतो.

तुलनेसाठी ॲमेझॉनचं एखादं उदाहरण घेणार असाल तर ब्राझीलमधल्या आक्रे राज्याचं घ्या. रबराचा चीक काढणाऱ्यांचे नेते चिको मेंडेस यांची २२ डिसेंबर १९८८ ला हत्या झाली. त्यानंतर तिथे चीक काढणाऱ्यांसाठी राखीव जंगलं झाली. पुढे रबराला भाव राहिला नाही आणि त्याच राखीव जंगलांत काही कुटुंबं जंगल कापून गुरं पाळू लागली. माल बदलला की जंगल बदलतं.

आता कामाचं. गावात पाऊल ठेवण्याआधी ग्रामसभेपुढे विषय मांडा आणि परवानगी घ्या. मेंढ्यात तर गावाचे स्वतःचे अभ्यासगट आहेत. तिथे तुमची परीक्षा आधी होईल, त्यांची नंतर. तहसीलमधून गावाचं निस्तारपत्रक (जंगलातून काय घ्यायची गावाची वहिवाट आहे त्याची नोंद) मिळवा, वनखात्याकडून कार्य आयोजना (त्या जंगलाच्या कामाचा खात्याचा आराखडा) मिळवा आणि दोन्ही वाचूनच जा. एकच माल धरा, मोह किंवा बांबू, आणि त्याच्या मागे झाडापासून व्यापाऱ्यापर्यंत वर्षभर चाला. रोपं मोजायचे चौकोन गावापासून वाढत्या अंतरावर आखा, पण हक्काच्या उतरत्या क्रमानेही आखा: बांधीतला मोह, गावाच्या हक्कातल्या जंगलातला मोह आणि खात्याच्या ताब्यातल्या जंगलातला मोह. कोणी सरपणाची किंवा शिकारीची गोष्ट विश्वासाने सांगितली तर वहीत नाव लिहू नका. तुमची वही उद्या कोणाच्या टेबलावर जाईल, ते तुमच्या हातात नाही.

चंद्रपूरच्या बाजूला गेलात तर पहाटे एकट्या निघू नका. मोह वेचायची वेळ आणि वाघाच्या हिंडण्याची वेळ एकच असते. बायका घोळक्याने जातात त्या गप्पांसाठी नाही, निदान तेवढ्यासाठीच नाही.

प्रश्नावली फाडू मात्र नका. मेच्या शेवटी, तेंदूचा हंगाम उरकल्यावर, ज्या घरच्या टोपल्या तुम्ही स्वतः वजन करून पाहिल्यात त्या घरी ती काढा. साठातले वीसेक प्रश्न तोवर तुम्ही स्वतःच खोडलेले असतील. आणि हो, ताणकाटा सोबत न्या, साधा घड्याळाच्या तबकडीचा. गावात फक्त व्यापाऱ्याकडे असतो, आणि त्याचा काटा खरा की खोटा हे पाहायला आजीसुद्धा तुमच्याकडे टोपली घेऊन येईल.